जीपच्या टाकीचं झाकण

अहो,

"बेटा, गाडी अडखळस ना, तवय पहिले तिना सास आयक." आधी तिचा श्वास ऐक, असं आमचे आबा सोनगीरच्या गॅरेजात म्हणायचे, तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुम्ही मात्र त्यांनी लग्नात दिलेल्या या जीपला महिनाभर नुसत्या शिव्या घातल्या. प्लग बदलले, कार्बुरेटर तीनदा खोलला, बोनेटला लिंबू-मिरची बांधली. मागच्या मंगळवारी भालोदजवळ ती आचके देत बंद पडली, आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख हुकली, आणि तुम्ही भर रस्त्यात त्यांच्यासमोर मला म्हणालात, "तुझ्या बापानं भंगार गळ्यात मारलं!"

भंगार तुमचं झाकण आहे. टाकीचं मूळ झाकण हरवल्यावर तुम्ही डब्याचं झाकण सायकलच्या ट्यूबनं आवळून बसवलंत. आत हवाच जाईना, मग पेट्रोल पुढे सरकणार कसं? आज पहाटे इंजिन घटकाभर चालू ठेवलं. ते आचके द्यायला लागल्यावर झाकण उघडलं, तर हवा आत ओढून टाकीनं सासुरवाशिणीसारखा सुस्कारा सोडला. मी झाकणाला दाभणानं भोक पाडलंय.

आज आईंची जळगावची दुसरी तारीख, आणि तुम्ही कार्बुरेटर शोधत धुळ्याला! आईंना घेऊन मी निघाले. भाकरी टोपलीत आहेत, ठेचा तुमचा तुम्ही वाटा.

ड्रायव्हर कोण, म्हणून गल्लीत विचारत फिरू नका. असली मुलगी कोण करून घेईल, म्हणून आबांनी सोयरिकीच्या वेळी मला गप्प बसवलं. नऊ वर्षं तुमच्या शेजारी बसून तुमचे करकरणारे गिअर ऐकत आले. मला जीप चालवता येते. तुमच्यापेक्षा चांगली.

प्रमिला