गोदाम म्हणून लिहिलेली शेड

पिंपळगाव रेणुकाई,
गुरुवार

प्रिय आदिनाथ,

फोन असताना अक्काला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू बोलायला लागलास की मी नुसती ऐकत बसते, ही माझी जुनी खोड. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या दाजींची कंबर पुन्हा धरली आहे, म्हैस व्याली, तुतीला नवी फूट आली आहे. घरची खबर संपली.

आठवतं, जाफराबादला आपल्या लहानपणी भारनियमनात अख्खं गाव एकदम अंधारात जायचं? तू चिडून म्हणायचास, ज्याचं अडत नाही त्याची वीज काढा, सगळ्यांची कशाला? पुढे तू त्याच कामात शिरलास तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! दोन वर्षांपूर्वी आमच्या ओसरीवर बसून तू मला सगळं समजावलंस. दिवसा उन्हाची वीज भरपूर. संध्याकाळी सूर्य जातो आणि नेमके तेव्हाच घरोघरचे कूलर सुरू होतात. त्या दोन तासांसाठी नवं वीजकेंद्र बांधण्यापेक्षा ज्यांना जमेल त्यांनी आपापलं यंत्र थांबवायचं, बदल्यात बिलात सूट घ्यायची. मोठे कारखाने हे करतातच, आता गावातल्या गिरणीलाही करता येईल, असं तू म्हणालास. मला पटलं. आजही पटतं, हे लक्षात ठेव.

पहिलं वर्ष छान गेलं. आदल्या दिवशी माझ्या मोबाइलवर विचारणा यायची, उद्या सहा ते आठ थांबाल का? रेशमाच्या अळ्या लहान असल्या, हवा गार असली की मी 'हो' दाबायची. चौथी कात टाकून अळ्या पाल्यावर तुटून पडल्या की 'नाही'. शेजारची पुष्पाबाई, तीही रेशीमवालीच, हसायची, "आता वीजवाले तुला विचारून राह्यले, सासूच झालीस की त्यांची!" मग या जानेवारीत तू शेडची वीज आपोआप थांबवणारा डबा घेऊन आलास. "अक्का, आता बटनं दाबायचा झंझट न्हाई. शेड तापली की डबा हातच लावत न्हाई. बिलकुल टेन्शन घेऊ नको." शेडच्या बोर्डाजवळ डबा बसला आणि माझ्या मोबाइलवरच्या विचारणा बंद झाल्या. तू पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही केली. न वाचता सही करायची तर भावाच्याच कागदावर करायची ना?

एप्रिलातली ती संध्याकाळ मी तुला कधी धड सांगितलीच नाही. अळ्या पिकायला आल्या होत्या, दोन दिवसांत कोष विणायला बसल्या असत्या. सव्वासहाला शेडमधले चारही कूलर एकदम थांबले. मला वाटलं, लाइट गेली. बाहेर आले तर घरात पंखा फिरत होता, शेजारच्या मळ्यात मोटर चालू होती. बंद होती ती फक्त माझी शेड. तुला सात वेळा फोन लावला. तुझे दाजी आणि मी गोणपाट भिजवून टांगत राहिलो, पत्र्यावर पाणी मारत राहिलो. भिंतीवरचा काटा सत्तावीसवरून अडतीसवर गेला. आठला कूलर सुरू झाले, पण अळ्यांनी पाल्याला तोंड लावलं नाही. सकाळी त्या मऊ पडून रॅकवरून लोंबत होत्या. दुपारपर्यंत काळ्या पडल्या. दाजींनी खड्डा खणला, मी वरून चुना टाकला, आणि पोटच्या लेकरासारखं वाढवलेलं सगळं एका खड्ड्यात गेलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा तू म्हणालास, "रोगच आला असंल, अक्का. डब्यानं काय व्हतंय."

मागच्या सोमवारी डबा काढून न्या असं सांगायला मी जुन्या जालन्यात तुमच्या ऑफिसात गेले. तिथल्या मोनिकाने माझा अर्ज पडद्यावर उघडला. जागेचा प्रकार: गोदाम. आत काय: रिकामे क्रेट. मी म्हटलं, ही माझी नाही, माझ्या शेडीत जीव आहे. ती म्हणाली, गोदाम लिहिलं की डबा आतली उष्णता बघत नाही, आणि जिवंत प्राण्यांची शेड तर डब्याला जोडताच येत नाही, तसा नियमच आहे. मग तिने विचारणांची यादी दाखवली. विचारणा बंद झाल्याच नव्हत्या रे. अर्जात मोबाइल नंबर तुझा होता. डबा असला की आदल्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी विचारतात; त्या दिवशीही विचारलं होतं, आणि सहा वाजून दोन मिनिटांनी तुझ्या मोबाइलवरून 'हो' गेलं होतं. माझ्या अळ्या कितव्या दिवसाच्या आहेत, हे मी तुला आदल्याच रात्री कौतुकाने सांगितलं होतं. वर्षाअखेर तुला दीडशे जोडण्या दाखवायच्या होत्या, हे मोनिकानेच सांगितलं. डबा चुकला असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं. तू मला मोजणीत धरलंस, आदिनाथ. परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याबाबतीत मला दोन दिवस जेवणच गेलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. गावात कोणी विचारलं तेव्हा मी तुझाच शब्द पुढे केला, रोग आला म्हणून सांगितलं. माझ्या भावाने बसवलेल्या डब्याने घात केला, हे माझ्या तोंडून निघेना. रोगाच्या शेडीचं काय होतं ते तुला माहीत आहे. तेव्हापासून एकही बाई माझ्या शेडीच्या दारात आली नाही. पुष्पाबाई माझ्या बांधावरून गेली की घरी जाऊन पाय धुते, आणि तिचं चुकत नाही. दहा वर्षांत एक बॅच न गमावलेली इंद्रायणी घाणेरड्या हाताची ठरली, आणि तुझ्यासाठी मी तेही सोसलं. पण काल तुमच्या कंपनीचा छापील कागद घरी आला. रविवारी रेणुकाईच्या मंडपात सभा, चाळीस रेशीमवाल्या बायकांना डबे देणार, आणि खाली 'इंद्रायणीताईंचा अनुभव'. त्या चाळीस शेडींचीही गोदामंच लिहिणार आहेस ना? त्या बायका माझं नाव बघून सही करतील. गिरण्यांना दे डबे, पंपांना दे, मी स्वतः सांगत फिरेन. जिवाच्या शेडीला नाही. रविवारी सगळ्यांत आधी तू उठ आणि सांग की अक्काच्या शेडीत रोग नव्हता. तू सांगितलंस तर मी तोंड उघडणार नाही, आणि घरी तुझ्यासाठी जेवण करून ठेवेन. तू बसून राहिलास तर मी उठेन, आणि 'हो' कोणी दाबलं ते नाव घेऊन सांगेन.

तुझीच, अजून तरी,
अक्का