सोमवारचा दिवा आणि मागून घेतलेली बदली

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
प्राचीन वास्तू देखरेख कार्यालय,
अमरावती.

अर्जदार : शालिकराम उकर्डा तायडे, चौकीदार, महादेव मंदिर, मौजे सावरढाणा (धारणी भाग).

विषय : मंदिरात दिवा लावल्याबद्दल खुलासा, आणि अकोल्याची बदली रद्द होण्याबाबत.

संदर्भ : १) आपले कारणे दाखवा पत्र, दि. २० मे १९६४.
२) बदलीचा हुकूम, त्याच तारखेचा.
३) बदली मिळावी म्हणून मीच केलेले तीन अर्ज, सन १९५९, १९६१ व १९६२.

महोदय,

वरील दोन्ही कागद धारणीच्या बसने फाट्यावर आले व तेथून पाच मैल माझ्या खिशातून मंदिरापर्यंत आले. ते मी बऱ्याच वेळा वाचले, कारण येथे वाचण्यासारखे दुसरे काही नाही. कार्यालयाची निळी पाटी आहे, पण ती मला पाठ आहे. माणसाचा आवाज कानी पडावा म्हणून मी ती पाटी मोठ्याने वाचत असतो, असे मी १९६१ च्या अर्जात कळविले होते. त्यावर 'पाटी सुस्थितीत असल्याची नोंद घेतली' असे उत्तर आले. असो.

१. ठपका पहिला खरा आहे. गाभाऱ्याबाहेरील उजव्या कोनाड्यात दिवा मीच लावत होतो, आणि वरच्या नर्तकीच्या मूर्तीवर चढलेली काजळी माझ्याच दिव्याची आहे. निरीक्षक साहेबांनी मूर्तीवर बोट फिरवून ते काळे बोट मला दाखविले तेव्हा मान वर करवेना. सहा वर्षे त्या मूर्तीवरची कोळिष्टके मी रोज झाडली आहेत.

२. 'सदर चौकीदाराने पुजारीपण सुरू केले' हे मात्र खरे नाही. मी बौद्ध आहे. १९५६ साली नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्याच आठवड्यात वडीलबंधू देवमन व मी, दोघांनी भातकुलीच्या घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. लहानपणी गावच्या देवळाच्या पायरीवर पाय पडला म्हणून मी मार खाल्लेला आहे. पुढे सरकारने देवळाची किल्लीच माझ्या हातात दिली तेव्हा मला हसू आले होते. मी दगड सांभाळतो, त्याचा पगार घेतो. हात जोडीत नाही.

३. मग दिवा कशाला, याचे उत्तर गोदाबाई हे आहे. ही ढाण्यावरच्या, म्हणजे रानातल्या वस्तीवरच्या, गवळ्याची विधवा, वय सत्तरीच्या पुढे. सहा वर्षांत येथे नेमाने येणारे माणूस ते एवढेच. दर सोमवारी दोन मैल रान तुडवून ती येई, बाहेरच्या चौथऱ्यावर तेलाचा दिवा लावी व तो विझेपर्यंत बसून राही. बाहेर दिवा लावण्यास पूर्वीच्या साहेबांची तोंडी मुभा होती. तेवढ्या वेळात आमचे बोलणे होई. तिच्या म्हशी, मोहाखाली आलेले अस्वल, आमच्याकडची कपाशी, असे काहीही. त्या बोलण्यावर मी पुढचे सहा दिवस काढीत असे.

पहिली दोन वर्षे ती माझ्या मडक्यातले पाणी घेत नसे, ओढ्यावर जाई. कारण मला ठाऊक होते व मी विचारले नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात ओढा आटला. तिने ओंजळ पुढे केली, पाणी प्याली आणि म्हणाली, "थंडं हाय." पुढे ओढ्याला पाणी आले तरी ती ओढ्यावर गेली नाही.

४. ठपका दुसरा, म्हणजे जागेवर नसणे. तोही खरा. गेल्या श्रावणात ती लागोपाठ दोन सोमवार आली नाही. श्रावणात चुकणारी ती बाई नव्हे. दुसऱ्या सोमवारी दुपारपर्यंत वाट पाहून मी कुलूप लावले व ढाण्यावर गेलो. गोठ्यात पाय घसरून तिचा खुबा मोडला होता. पुतण्या दिवसभर म्हशींमागे रानात, ही एकटी खाटेवर. मला पाहताच म्हणाली, "दिवा लागला काय रे शालिक?" माझ्या तोंडून निघून गेले, "लागला, माय." तिने समाधानाने डोळे मिटले.

साहेब, दीक्षेच्या वेळी महादेवाला देव न मानण्याची प्रतिज्ञा मी घेतली, तशी खोटे न बोलण्याचीही घेतली आहे. परतीच्या दोन मैलांत मी पुष्कळ विचार केला. दिवा लावावा तर एक मोडते, न लावावा तर दुसरी मोडलेलीच आहे. शेवटी असे ठरविले की हात न जोडता वात पेटविली तर ती पूजा होत नाही, पण म्हाताऱ्या बाईला सांगितलेले खोटे हे खोटेच राहते. म्हणून दिवस मावळण्याच्या आत दिवा लावला व माझे बोलणे खरे केले. चौथऱ्यावर पावसात ज्योत टिकेना, सबब कोनाडा. काजळीचा विचार माझ्या डोक्यात आला नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून दर सोमवारी दिवा लावायचा आणि ढाण्यावर जाऊन तिला सांगून यायचे, असा नेम पडला. जाऊन येऊन दोन तास लागतात. निरीक्षक साहेब ४ मे रोजी नेमके त्याच दोन तासांत आले.

५. यात मी इकडे आड तिकडे विहीर असा सापडलो आहे. ढाण्यातील काही मंडळी म्हणतात, याने शिवून देव बाटविला. येथून भातकुलीला पत्र जाण्यास बारा दिवस लागतात, परंतु चुगली तीन दिवसांत पोचते. भावाचे कार्ड आले : "तू महादेवाचा पुजारी झाला म्हनतेत. आमाले तोंड दाखवू नोको." मी तीन पत्रे टाकून सर्व हकीकत लिहिली. उत्तर नाही. मला तो एकच भाऊ आहे. याचे दुःख फार होते, एवढेच लिहितो.

६. आता बदली. 'माणसांत राहण्यास मिळावे' असे मी तिन्ही अर्जांत लिहिले होते. आपण १ जुलैपासून मला अकोल्याचे गोदाम दिले, जुन्या शहरात राहण्यास खोलीही दिली. मागितले ते दिले तरी हा रडतो, असे कार्यालय म्हणेल व ते वाजवी होईल.

परंतु आपले पत्र मिळाल्यावर मी दिवा बंद केला आणि गेल्या सोमवारी गोदाबाईस तसे स्पष्ट सांगितले. या वेळी खोटे बोललो नाही. ती खचेल अशी मला भीती होती. ती जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो : "नसन लागत तं नसू दे. तू बुद्धाचा हायेस, हे का मले मालूम नाई? मी का देवासाठी पुसतो काय? पुसाले काई असलं तं तू येशीन, म्हनून पुसतो."

सबब विनंती की, दिवा पुन्हा लावणार नाही असे मी लिहून देतो. मूर्तीची काजळी कशी काढावी ते सांगावे, मी काढीन. दंड, ताकीद, जी शिक्षा योग्य वाटेल ती करावी. फक्त सोमवारी दोन तासांची मोकळीक द्यावी आणि बदली रद्द करावी. अकोल्यास माणसे पुष्कळ आहेत हे मी जाणतो. पण माझी वाट पाहणारे तेथे कोणी नाही. येथे एक आहे. ते माणूस आहे तोवर मला येथून हलवू नये.

आपला नम्र व कसूर कबूल असलेला,
शालिकराम उकर्डा तायडे
चौकीदार, सावरढाणा
दि. ८ जून १९६४