मागाच्या खड्ड्यात निजणारी म्हातारी

सोलापूर, सोमवार, दिवेलागण

पाय भरून आलेत. दिवसभर विणकरांच्या आळीत घरं मोजत हिंडलो. हातात दोन तक्ते, एक आमच्या म्युनिसिपालिटीचा, दुसरा नव्या घरांच्या योजनेसाठी दिल्लीहून आलेला. आमचा विचारतो, नळ किती लांब, सांडपाणी कुठं जातं. दिल्लीचा विचारतो, राहत्या खोल्या किती. दोन्हींचा मेळ घालून द्या, म्हणे साहेब. घालू कसा? दिल्लीच्या तक्त्याखाली बारीक टीप आहे: ज्या खोलीत धंदा चालतो ती राहती धरू नये.

नरसम्माच्या घरात खोलीच एक. मधोमध हातमाग आणि त्याच्यापुढं खड्डा. दिवसा नवरा त्यात पाय सोडून विणतो, रात्री तिथंच गोधडी अंथरून म्हातारी सासू निजते. "थंडीत ऊब ऱ्हाती की तितं," नरसम्मा म्हणाली. मी आमच्या तक्त्यात एक घर लिहिलं. दिल्लीच्या तक्त्यात राहत्या खोल्या शून्य.

साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "नियमानं बरोबर आहे." असेलही. मग ती म्हातारी निजते कुठं? कारखान्यात? खड्ड्यासाठी रकाना दोन्हीकडं नाही. आख्ख्या आळीत हेच, घरोघरी शून्य. उद्या दिल्लीत कुणीतरी वाचेल आणि म्हणेल, इथं कुणी राहतच नाही, मग घरं बांधायची कुणासाठी?

तो खड्डा काही डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी तिच्या घरून निघताना नरसम्मानं विचारलं होतं, "आमचं घर दिल्लीला कळंल न्हवं?"

दिल्लीच्या तक्त्यातल्या शून्याची शाई अजून ओली होती. मी "व्हय" म्हणालो.