सावरीची उंची

ता. ११ एप्रिल १९३८, सोमवार

जमलं! ह्यांच्या पेटीतलं त्रिकोणमितीचं पुस्तक चार महिने एकटीनं वाचत होते. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आज पुस्तक उपयोगी पडलं.

कोनमापकाच्या मध्यावर दोरा बांधला, खाली वजनाला किल्ली. सपाट कडेवरून देवळापुढच्या दीपमाळेचं टोक पाहत मागे मागे गेले. दोरा पंचेचाळीसवर आला तिथे थांबले. पंचेचाळीसचा टॅन एक — म्हणजे जेवढं अंतर तेवढीच उंची. अंतर साडेतेरा फूट, त्यात माझ्या डोळ्यांची उंची साडेचार. अठरा.

सकुबाईचा लडकू वर चढला, दोर सोडून मोजलं. अठरा फूट दोन बोटं! सगळं गाव बघत होतं. पाटील म्हणाले, आमच्या बाई जमिनीवर उभ्या राहून आभाळ मापतील. त्रेचाळिसाव्या वर्षी मी शाळकरी पोरीसारखी लाजले. पण आवडलं.

ता. १४, गुरुवार

शाळेमागची सावर पाडायची ठरली. आतून पोकळ झाली आहे, परवा एक फांदी कौलांवर आली. कलली आहे सकुबाईच्या घराकडे, त्यामुळे पडणार तिकडेच. बुंध्यापासून घर चव्वेचाळीस फूट.

काळूराम चाळीस वर्षं झाडं पाडतो आहे. त्यानं हात लांब करून काठी उभी धरली, झाडाएवढी दिसेल अशी, मग तशीच आडवी केली. टोक घराच्या कुडावर आलं. घर आधी रिकामं करा म्हणाला. पण सून जना आठ दिवसांची बाळंतीण, तिला न्यायचं कुठे? सकुबाई माझ्याकडे आली. "बाय, तुमी मापा. तुमी सांगाल ते खरं."

मागे सरकत गेले. ओढा आडवा आला तिथे दोरा चाळीसवर होता. अंतरही नेमकं चाळीस फूट. कोष्टकात चाळीसचा टॅन ०·८३९. साडेतेहतीस, अधिक साडेचार. अडतीस! घराच्या सहा फूट अलीकडे.

काळूराम मान हलवत राहिला. मी विचारलं, "तुझ्या काठीवर आकडे आहेत का रे?" सगळे हसले. तोही हसला.

ता. १७, रविवार

सावर सकुबाईच्या मागल्या पडवीवर पडली.

काळूरामनं हट्ट धरून जनाला आणि बाळाला सकाळीच शेजारी पोचवलं होतं. सकुबाई मात्र पडवीत भाकऱ्या थापत बसली. सहा फुटांत माझी अख्खी चूल मावते म्हणाली. वासा उजव्या हातावर आला. बैलगाडीतून शहापूरच्या दवाखान्यात नेली आहे.

लिहवत नाही.

ता. १८

सगळे काळूरामला बोलत आहेत. घाव चुकला, बुंधा पुढे उडाला, म्हणून झाड घरावर गेलं म्हणे. लडकू सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईनी फूट मोजून दिलं व्हतं तुला. तरी चुकलास! म्हातारा झालास, आता झाडाला हात लावू नको." काळूराम खाली बघत उभा. मी चार पावलांवर होते. तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मुंबईला पाणी नेणाऱ्या तानशाच्या नळावरच्या मुकादमाकडून मोजायची फीत मागून आणली आणि आडवी पडलेली सावर मोजली. एकटीनं. बावन्न फूट. बुंधा उडालाच नव्हता, सालीनं अजून खुंटाला धरून होता. तिथे वाकून बघायला कुणी गेलं नाही.

ता. १९

कळलं.

कोनमापक डोळ्याला लावून समोर भिंतीकडे पाहिलं — सरळ, वर नाही, खाली नाही. दोरा शून्यावर हवा. तो नव्वदवर!

म्हणजे दोरा मला झाडाचा कोन सांगतच नव्हता. नव्वदातून तो वजा जाऊन जो उरतो, तो कोटिकोन सांगत होता. चाळीस नव्हे, पन्नास. पन्नासचा टॅन १·१९२. गुणून पाहिलं, डोळ्यांची उंची मिळवली — बावन्न.

आणि दीपमाळ? नव्वदातून पंचेचाळीस गेले तरी पंचेचाळीसच. जिथे ही चूक दिसत नाही असा एवढा एकच कोन, आणि मी गावाला तोच दाखवला. ओढ्याकडे मागे जाताना अंश वाढत होते. लांब जावं तसे ते कमी व्हायला हवेत, हे चौथीतल्या मुलीलाही कळेल! साठचा साइन तोच तीसचा कोसाइन, साठचा कोसाइन तोच तीसचा साइन — सगळं पाठ आहे मला. पाठ.

उद्या सांगेन.

ता. २०

सांगितलं नाही.

ता. २२

सावर कापून गाड्यांवर घालून नेली. मी वर्गाच्या खिडकीतून पाहत होते, मुलींना पाढे म्हणायला लावून. बावन्न फूट दाखवायला आता काही उरलं नाही. यासाठीच थांबले होते का मी?

हो. दुसरं काय लिहू इथे.

ता. २५

सकुबाई घरी आली. मुरबाडकडचा हाडवैद्य हात बघून गेला. कोपरात वाकायचा नाही म्हणाला. सकुबाई मला म्हणाली, डावा हाय ना लावणीला, तुमी कशाला रडता. जनाला चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यायले.

काळूरामचं शेणवे गावचं झाडं पाडायचं काम गेलं. तिथल्यांनी दुसरा माणूस बघितला.

ता. २७

आज देवळापुढे सगळ्यांना सांगितलं. काळूरामचा घाव बरोबर होता, माझं माप चुकलं, झाड बावन्न फूट होतं, मी मोजलं आणि गप्प बसले.

पाटलांनी विचारलं, मग दीपमाळ कशी बरोबर आली? फरशीवर खडूनं आकृती काढली. नव्वद, पन्नास, चाळीस. कोनमापक पाटलांच्या हातात दिलं, दोरा दाखवला. सगळ्यांनी कीर्तनात डोलवतात तशा माना डोलवल्या. मग लडकू माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "बाई, म्हाताऱ्याची दया येते तुमाला. आमाला समजतं ते."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सकुबाईनंसुद्धा, डाव्या हातानं.

ता. २८

सकाळी काळूराम दाराशी आला. आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "बाय, घाव माजाच चुकला. माज्यापायी तुमी देवापुढं खोटं बोललात." आणि पाया पडला.