नाणी मागे घ्या

१८ मार्च
चूल पेटवली, शेळ्या बाहेर बांधल्या, ह्यांना चहा दिला. उभ्यानेच प्यायले. टोपली उचलली नि मोहाच्या झाडाकडे फुलं वेचायला गेले. मी भांडी घासत बसले. मागच्या वर्षीची आजचीच सकाळ. तिच्यात वेगळं काहीच नव्हतं, हे मी वर्षभर तपासून पाहते आहे. नऊ वाजता बोलवायला लोक आले. टोपली अर्धी भरलेली, हे झाडाला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाला, हृदय.
यंदाची फुलं गळायला लागली. वास घरापर्यंत येतो. मी गेले नाही.

१९ मार्च
कविता बल्लारपूरहून आली, दुपारच्या गाडीने परत गेली. जाताना बापाच्या मोबाईलात एक गेम टाकून दिला. रंगीत गोट्या जुळवायच्या, जाहिरात पाहायची, की नाणी मिळतात. नाण्यांचे पुढे खरे पैसे.
"आई, दिवसभर बाबाच्या फोटोकडं पाहत रायते. त्याच्यापेक्षा हे पाय. काईतरी भेटन तरी."
पोरगी बापासारखीच बोलते. लागेल असं.

२२ मार्च
सकाळी पाच ते सात दुप्पट नाणी. नेमकी मोह वेचायची वेळ. बरं झालं, न जायला कारण सापडलं.
सुमन, माझी धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. टोपली डोक्यावर घेऊन दारातून ओरडली, "बाई, येता का?"
म्हटलं, काम आहे.
"कोनतं काम? गोट्या खेळून राह्यल्या का ह्या वयात?"
खेळतच होते.

२६ मार्च
अडतीस हजार नाणी. माझी कसली, ह्यांची. सीम ह्यांचं, खातं ह्यांचं. पडद्यावर रोज येतं, "शाब्बास नामदेव!" जिवंतपणी त्यांना कोणी शाब्बास म्हटलेलं आठवत नाही. मीही नाही.
आज खाली हिरवं बटण आलं. नाणी मागे घ्या. मी शाळेत गेले नाही, कविताच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांवर वाचायला शिकले, पण मागे घेणं म्हणजे काय ते कळतं. दिलेलं परत काढून घेणार. बोट लांब ठेवलं.

३० मार्च
एका जाहिरातीला शंभर मिळायची. परवा तीस. आज आठ. पन्नास हजार झाल्यावर मोठं बक्षीस, असं लिहून येतं.
मोहाचं फूलही एकेकच वेचावं लागतं, कंबर मोडते. पण दहाव्या दिवशी फूल अर्धं होत नाही.
तरी सोडवत नाही. जाहिरातीत एक बाई स्वतःचा नवा फ्लॅट दाखवते. मी तिला दिवसाला चाळीसदा पाहते. डोळे चुरचुरतात. पुस्तक उघडलं तर ओळी हलतात.

२ एप्रिल
नळावर, चार बायकांत, सुमन सरळ बोलली. "बाई, तुमच्या मोहाखाली यंदा कोनी झाडलंच नाई. फुलं डुक्करं खाऊन राह्यले होते. मी झाडून घेतलं."
कागद कुठेच नाही. झाड जंगलात, जंगल सरकारचं. आमचं म्हणायचं ते एवढ्यावर, की आधी सासरा खाली झाडायचा, मग हे. पाला झाडून जाळायचा, जागा मोकळी करायची, मग तिथली फुलं आपली. हंगामभर दुसऱ्याने झाडलं की झाड त्याचं. झाडलं त्याचं झाड. ह्यांच्या मागे माझ्याकडे तेवढंच एक त्यांचं राहिलं आहे.
मी म्हणाले, "त्या झाडाखाली तुझा भासरा गेला, माझा नवरा गेला, सुमन."
"म्हून काय झाड बी त्याहीच्याच संगं जाळाचं होतं? तुमाले मोबाईलमधी भेटून राह्यलं न? मंग दोन्हीकडं हात काऊन?"
कोणी हसलं नाही. मीच हसले. बरोबर बोलली होती.
ठरवलं, पन्नास हजार होऊ दे. मग तिच्या तोंडावर पैसे दाखवून झाड मागते.

७ एप्रिल
झाले पन्नास हजार.
पडद्यावर आलं, खातेदाराचा चेहरा दाखवा. माझा दाखवला. "चेहरा जुळत नाही."
भिंतीवरचा फोटो काढला. हार बाजूला ठेवला, काच पदराने पुसली, मोबाईलसमोर धरला.
"चेहरा सापडला."
वर्षभरात कोणी असं म्हटलं नव्हतं.
"आता डोळे मिचकावा."
धरून उभी राहिले. "वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा. डोळे मिचकावा." तीनदा. तिसऱ्या वेळी मी फोटो जरा हलवला. का हलवला, ते लिहीत नाही.
सुमन चाळणी मागायला आली होती. दारात कधीची उभी होती कोण जाणे.
"बाई, जित्तेपनी दादानं कोनाकडं डोळा वर करून नाई पाह्यलं. आता काय मिचकवतीन?"
चाळणी दिली.

९ एप्रिल
सिंदेवाहीला मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानवाल्या दिवाकरभाऊंनी सगळं ऐकलं. "बाई, ह्याले जिवंत मानूस पायजे. पह्यल्या आठवड्यात काढले असते तर फोटो मांगतच नव्हते. सुरवातीले थोडेसे देते, आदत लावाले. हिरवं बटन दाबलं नाई काऊन?"
"मागे घ्या लिहिलं होतं."
"म्हंजे काढून घ्या न बाई! विड्रॉल!"
दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही हसली. एक म्हणाला, "वाचता येते म्हून फसली. अडानी असती त हिरवं पाहून दाबलंच असतं."
माझ्या नावाने होईल का, विचारलं. म्हणाले, होईल, पण शून्यापासून.
"परवडतं का भाऊ, एवढा वेळ घालून?"
"ज्याच्या वेळेले कोनी इचारत नाई, त्याले परवडते."
मला तर सुमन रोज दारातून विचारत होती.

११ एप्रिल
परवा वही मिटल्यावरची गोष्ट. संध्याकाळी सुमनकडे गेले. तिच्या अंगणभर मोह वाळत होता, पाय ठेवायला जागा नव्हती. कडेनेच उभी राहिले. म्हटलं, झाड सोड. चूक झाली माझी.
ती फुलं पसरवत होती, थांबली नाही. "पुढच्या साली माह्या आधी येऊन झाडा न, बाई. आल्याच त."
आल्याच तर. मी बावन्नची आहे.
हिने मोबाईलवालं गावभर सांगितलंच असेल. सांगू दे. पण मी चूक कबूल केली तेव्हा तिने वर पाहायला हवं होतं.
घरी येऊन मोबाईल कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकला. गेम तसाच आहे त्यात. पुसायचा कसा, ते माहीत नाही.
काल पहाटे तिच्या आधी, साडेचारला, झाडाखाली गेले. तिने झाडलेल्या जागेवर फुलं गळून पडली होती. ती तिच्या झाडणीची, म्हणून वेचली नाहीत; पाल्यात लोटली, सगळं पुन्हा झाडलं आणि पाल्याला काडी लावली.