आजी इच्छुक नाही

नांदेड
२५ नोव्हेंबर

प्रिय सिंधू,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझा आवाज चढला की 'रेंज जाऊन राहिली गं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्राची रेंज जात नाही, म्हणून कागद घेऊन बसलेय. उभ्या उभ्या चाळू नकोस. चष्मा लाव, खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. यात तुझी खुशाली विचारलेली नाही.

मागच्या मंगळवारी निकाल लागला. तुझी नात अठरा वर्षांची होईपर्यंत माझ्याकडे राहील. आपण त्याला कोर्ट म्हणतो, खरं तर ती बाल कल्याण समिती आहे, पण तिचा शब्द कोर्टाइतकाच चालतो. तुझी शिल्पा वारल्यापासून तिची सृष्टी माझ्याकडे होती ती तात्पुरती. मुदत संपली की वाढवून घ्यायची, पुन्हा चौकशी, पुन्हा तारीख. आता ते संपलं. मी तिची प्रतिपालक झाले. दत्तक नव्हे; तिचं नाव-आडनाव तिचंच राहील, आणि तिची माणसंही तिचीच राहायला हवी होती. शाळेत बातमी कळली तेव्हा माझ्या हाताखालच्या शिक्षकांनी पेढे आणले. मी त्यांच्यावर ओरडले. पुडा टेबलावर ठेवून बिचारे एकेक करून निघून गेले. त्या आदेशात काय लिहिलंय हे त्यांना कुठं ठाऊक होतं?

त्यात एक वाक्य आहे. मुलीची आजी हयात आहे, परंतु मुलीचा सांभाळ करण्यास अथवा तिच्याशी संबंध ठेवण्यास इच्छुक नाही.

ते वाक्य सृष्टीला सांगितलं गेलं, सिंधू. आदेश मुलाला समजावून सांगायचा असतो, तसा नियम आहे. समितीतल्या बाईंनी तिला जवळ बसवून अगदी मायेनं सांगितलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्यावर मला विचारलं, इच्छुक म्हणजे काय? मी आयुष्यभर मराठी शिकवलं. मला त्या शब्दाचा अर्थ सांगता आला नाही.

घरी आल्यावर ती गॅलरीत गेली. तिथं तिनं दिवाळीपासून पाच दगड चुन्यानं रंगवून वाळत घातले होते. येळवशीचे, मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात पुजायचे ते पांडव. तुझ्या शेतातल्या कडब्याच्या कोपीत असतात तसे. शिल्पा होती तोवर दर वर्षी येळवशीला तिला तुझ्याकडे आणायची, ते पोरीच्या डोक्यातून गेलेलं नाही. यंदा आपणही इथं तशी कोप उभारू, आज्जीला बोलावू, असं तिचं चाललं होतं. त्या संध्याकाळी तिनं पाचही दगड वरून खाली भिरकावले. एक आमच्या लखन वॉचमनच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसला. तो तणतणत वर आला, मॅडम, तुमच्या पोरीनं पांडव फेकून मारले म्हणून. एरवी मी हसले असते. पोर दाराआड उभी होती. रडत नव्हती. लखनला म्हणाली, मामा, ते पांडव न्हाईत, नुसते दगड हायत.

तेव्हापासून तिनं तुझं नाव घेतलेलं नाही.

आता तुझं काय करू ते सांग. वर्षभर मी त्या समितीपुढं घसा कोरडा केला. आजी आहे, चांगली आहे, तिला विचारा, आजीला वगळून मला पोर नको. त्यांनी तुला बोलावणी पाठवली. तुझे पाय दुखून राहिले होते. मी गाडी पाठवते म्हटलं. घरात पाहुणे होते. चौकशीचा माणूस तुझ्याकडे येऊन गेला का, असं विचारलं तर म्हणालीस, न्हाई बाई, कुणीबी आलं न्हाई. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? अर्धापूरची केळी मी विसरलेले नाही. हॉस्टेलच्या आपण पाचजणी भरदुपारी त्या बागेत शिरलो होतो, मालक मागे लागला आणि कुंपणावरून उडी मारताना तू दगडावर तोंडावर आपटलीस. दुसऱ्या दिवशी रेक्टर सरस्वतीबाईंनी सगळ्या हॉस्टेलला अंगणात उभं केलं आणि विचारलं, कोण गेलं होतं? आमच्या माना खाली. तू सुजलेला ओठ आणि अर्धा दात घेऊन पुढं झालीस आणि म्हणालीस, मीच. मग लाजेकाजेनं आम्ही चौघी तुझ्या मागे जाऊन उभ्या राहिलो. मी तुला तेव्हापासून ओळखते असं समजत होते.

निकालाच्या दिवशी बाहेर चहाच्या गाड्यावर देविदास भेटला. तुमच्या भागात चौकशी करून अहवाल देणारा लातूरच्या कार्यालयातला माणूस तो हाच. मी त्याला धरलंच. म्हटलं, तुम्ही त्या बाईंना डोळ्यांनी पाहिलं तरी होतं का, की खुर्चीत बसून लिहिलंत? तो धुळ्याकडून बदलून आलेला, तेव्हा अगदी नवा. त्यानं गावाला जायला नेमका गेल्या येळवशीचा दिवस निवडला होता! सगळा जिल्हा त्या दिवशी शेतात असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणाला, मॅडम, गावात शिरलो तर घरोघर कुलपं, रस्त्यावर कुत्रं नाही, मला वाटलं काही साथबीथ आली. मग एक सायकलवाला भेटला आणि, पाहुण्या, आज इथं काय करता, म्हणत त्याला हाताला धरून शेतात घेऊन गेला. ओळख ना देख, बाजरीचे उंडे, भज्जी, आंबिल! किती जेवलो ते विचारू नका म्हणाला. आणि ज्या बाईंनी वाढलं त्यांनाच त्यानं विचारलं, सिंधूबाई कुठं भेटतील?

तुला पुढचं सांगायला नको, पण मी लिहिणार आहे. त्या बाई म्हणाल्या, सिंधू व्हय? ती पोराकडं पुण्याला गेली, आता यायची न्हाई. नातीचं नाव काढलं की तोंड फिरवती, तिचा नाद सोडा, तसंच लिहून घ्या. शेजारी एक म्हातारी खाली मान घालून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. ती तुमच्या गावची पार्वतम्मा असणार. देविदास मला म्हणाला, इतक्या मायेनं वाढणारी बाई खोटं बोलेल असं कसं वाटावं, मॅडम? मी विचारलं, दिसायला कशा होत्या? तो म्हणाला, डोक्यावरून पदर होता, आणि पुढचा एक दात अर्धा.

आपल्याच कोपीपुढं बसून, आपल्याच हातानं आंबिल ओतत, आपणच नाही म्हणून सांगितलंस! त्याच्याशी खोटं बोललीस हे एक वेळ सोडून देईन. पण ते खोटं आता सरकारी शिक्का घेऊन तुझ्या नातीच्या नावापुढं बसलंय, आणि उद्या ती मोठी होऊन ते स्वतः वाचणार आहे.

का केलंस तेही मला कळतं. म्हणून तर जास्त राग आहे. आजी समोर आली की समिती म्हणेल, न्या मग पोरीला घरी. आणि घर कुठं तुझं आहे? घर तुझ्या लेकाचं, बालाजीचं आहे. त्यानं मला फोन करून ऐकवलंच होतं, आमची पोरगी हाय, आमी बघू, तुमची साळा तुमच्यापाशी ठेवा. त्याच्या घरात पोर आली की दहावीपर्यंत धुणीभांडी आणि पुढं लग्न, हे तुला दिसत होतं. शिल्पाचं तेच झालं. नर्सिंगला नंबर लागलेला असताना तिच्या बापानं, किशनरावांनी तिला भोकरला देऊन टाकलं, आणि तू चुलीपुढं भाकरी थापत राहिलीस. तो नवरा दोन वर्षांचं लेकरू टाकून हैदराबादला पळाला तेव्हा ती माझ्याकडे आली आणि माझ्या घरात राहून नर्स झाली. त्या दिवसांत ती तुझ्याबद्दल एक अक्षर वाईट बोलली नाही. एकदाच म्हणाली होती, मावशी, आईनं निदान नको तरी म्हणायचं होतं.

नवऱ्यापुढं तोंड उघडलं नाहीस, आता मुलापुढं उघडायचं नाही, म्हणून तू परक्या माणसापुढं स्वतःला पुसून टाकलंस. आणि ते माझ्यावर उपकार केल्यासारखं! मला पोर मिळाली म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं तुला? सिंधू, मी संसार केला नाही. या पोरीच्या वेण्या मी सकाळी मुद्दाम सावकाश घालते, इतकी ती मला हवी आहे. पण आजीनं टाकलेली पोर म्हणून नको. त्या वाक्याच्या जिवावर मला काहीही नको.

म्हणून परवा मी समितीकडे अर्ज दिला. आदेशातलं ते वाक्य चुकीच्या माहितीवर आहे, आजीची पुन्हा चौकशी व्हावी, असं लिहून दिलं. माझे वकील अण्णाराव डोक्याला हात लावून बसले. मॅडम, म्हणाले, जिंकलेलं प्रकरण कुणी आपल्या हातानं उघडतं का? उद्या तो मामा हक्क सांगत आला आणि समितीनं पोर त्यांच्याकडे दिली तर? देऊ शकतात. मला ठाऊक आहे. ते ठरवणं आता माझ्या हातात नाही, तुझ्या तोंडात आहे. पोर माझ्या मैत्रिणीकडे, राजकन्येकडे राहून शिकेल आणि मी तिची आजी आहे, सुट्टीला ती माझ्याकडे येईल, एवढंच तुला म्हणायचं आहे. पण बालाजीच्या समोर, मोठ्यानं. समितीनं देविदासलाच पुन्हा पाठवायचं ठरवलंय. दिवस मी सुचवला, येळवशीचा. सुट्टी असूनही तो एका पायावर तयार झाला, जेवायला मिळेल ना म्हणून विचारत होता. मी सृष्टीला घेऊन त्याच्याबरोबर येतेय. ती यायला तयार नाही, तरी आणणार आहे. लखननं खालून चार दगड शोधून दिलेत, पाचवा सापडला नाही. तो तू तिला तुझ्या बांधावरून उचलायला लाव. आम्ही कोपीपाशी येऊ, तू वाढत असशील, आणि देविदास विचारेल, सिंधूबाई कुठं आहेत? पोर तुझ्या तोंडाकडे बघत असेल. त्या अंगणात पुढं झाली होतीस, तशी पुढं हो आणि म्हण, मीच.

तुझ्यावर भयंकर संतापलेली, तरीही तुझीच,
राजकन्या