आडनावांची जाड वही

अहो,

मी सुमती. तुमची बायको. विसरला असाल म्हणून आधीच सांगून टाकते, कारण चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणाऱ्या माणसाचा काय भरवसा? अकरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तिथे तरी मंडईत पिशवी विसरून येणं थांबलं का? कुठल्या इंग्रजाने दोनशे वर्षांपूर्वी स्वतःचं आडनाव कसं लिहिलं होतं, तेवढं मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी तुम्हाला सांगता यायचं.

पत्र आजच का, तर घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. तुमच्या चार वह्यांपैकी एक सापडत नाही. तांबड्या कापडी पुठ्ठ्याची, जाड, आडनावांची. इराला ती शुक्रवारी तिच्या प्रोफेसरांकडे न्यायची आहे. तिला वाटतं, तिच्या आईने ती रद्दीत घातली. आपल्या सुनेला, मानसीलाही आता तसंच वाटू लागलं आहे.

ती रद्दीत गेलेली नाही. कुठे गेली ते मला माहीत आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि हे पत्र आपली नातच लिहून घेते आहे.

इरा, पेन थांबवू नकोस. मी आजोबांशी बोलते आहे. माझं पुरतं बोलून होऊ दे, मग मला काय विचारायचं ते विचार.

तिला सगळं ठाऊक नाही, म्हणून थोडं मागचं बोलते. तुम्ही कंटाळू नका.

अप्पा बळवंत चौकामागच्या छापखान्यात तुम्ही इंग्रजीची प्रुफं तपासायला होतात. कॉलेजांसाठी, वाचनालयांसाठी जुनी इंग्रजी पुस्तकं तिथे पुन्हा छापायचे. मालकांचा हुकूम एकच, मुळात जसं असेल तसं. एकदा एका नव्या जुळाऱ्याने अक्षरांचे खिळे जुळवताना शहाणपणा केला. म्युझिकच्या शेवटी जुन्या तऱ्हेने असलेला के काढला, पब्लिकच्या शेवटचाही काढला, आणि एका आडनावातला वाय उचलून तिथे आय बसवला. सोळा पानं छापून झाल्यावर ते कळलं. त्या बिचाऱ्याला वाटलं होतं, आपण चुका दुरुस्त करतोय. बोलणी तुम्ही खाल्लीत. त्या दिवशी घरी आलात ते न जेवता एक कोरी वही घेऊन बसलात, आणि जे जे जुन्या तऱ्हेने लिहिलेलं दिसेल ते पुस्तकाच्या नावासकट, पानाच्या नंबरासकट उतरवायला लागलात. चाळीस वर्षं ते संपलं नाही.

आणि रोज संध्याकाळी ते मोठ्याने वाचून तपासायचं. छापखान्यात प्रुफाला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक बघणारा. घरी दुसरं माणूस मी. मला अक्षरओळख नाही, बघून काही कळत नव्हतं, म्हणून माझं काम फक्त ‘हं’ म्हणायचं. तुम्ही आधी आडनाव उच्चारायचं, मग त्यातलं एकेक अक्षर, मग अर्थ, मग पान. मी शेंगा सोलता सोलता ‘हं’ म्हणायची. ‘हं’ आलं नाही की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून. भाजी करपली की तो मात्र माझा दोष!

फ्लेचर म्हणजे बाण करणारा. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा. वेनराइट म्हणजे गाड्या घडवणारा. मी म्हटलं, म्हणजे आपले लोहार-सुतारच की, त्यात एवढं लिहून काय ठेवायचं? तेव्हा तुम्ही खुलून सांगितलंत, की बॅक्स्टर म्हणजे मुळात पाव भाजणारी बाई आणि वेब्स्टर म्हणजे विणणारी बाई. कामं बायकांची, नावं पुढे पुरुषांनी मिरवली. त्यावर मी जे बोलले ते तुम्हाला आठवत नसेल तर बरंच आहे. इराला लिहायला लावत नाही.

कधी एकाच माणसाचं आडनाव एकाच पुस्तकात तीन तऱ्हांनी यायचं. कुठे शेवटी उगाच ई, कुठे एकाच्या जागी दोन टी. खरं कुठलं, असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, तिन्ही. तेव्हा लोक कानाला येईल तसं लिहीत. तिन्ही उतरवून ठेवायचात, शेजारी शेजारी.

मग मला का नाही हो शिकवलंत? दोन दिवस पाटी घेऊन बसलात, तिसऱ्या दिवशी ‘तुझं लक्ष नाही’ म्हणून उठलात. लक्ष कुठून असेल? मांडीवर शेखर, गॅसवर दूध. परक्या मुलखातल्या मेलेल्या माणसांच्या नावातलं एकेक अक्षर तुम्ही जपलंत, आणि बायकोच्या नावातली तीन अक्षरं राहून गेली. हा राग जुना आहे. पुढे जे झालं त्यात त्याचा हात किती होता, ते मलाच नीट सांगता येत नाही.

आता सांगते.

इथे परदेशात शेखरकडे, पाया लेबारला आपल्या ब्लॉकखाली, चिनी लोकांच्या सातव्या महिन्यात, लोखंडी पिंपं ठेवतात. गेलेल्या माणसाला जे लागेल ते कागदाचं करून त्यात जाळायचं, की ते त्याला पोचतं. समोरच्या घरातल्या चिनी आजींशी माझी गट्टी आहे. त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं, त्यामुळे भांडण होत नाही. त्या दिवशी त्यांनी नवऱ्यासाठी कागदाचा सदरा जाळला, कागदाचा चष्मा, कागदाचा फोन. मी खुणेने विचारलं, पोचतं का? त्यांनी शांतपणे होकारार्थी मान हलवली.

मला तेच डाचलं. अकरा वर्षं पितृपक्षात तुम्हाला पाणी शेखर देतो, पिंड शेखर ठेवतो. मुलगा गुणाचा आहे, तक्रार नाही. पण मी? मी स्वयंपाक करायचा आणि बाजूला उभं राहायचं. माझ्या हातून तुम्हाला काहीच आलेलं नाही. आणि ही बाई कुणालाही न विचारता थेट नवऱ्याच्या हातात चष्मा ठेवते!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन खाली गेले. चारांतली सगळ्यात झिजलेली उचलली. वाचता येत नसलं तरी तुमच्या अंगठ्याने कुठल्या वहीचे कोपरे जास्त काळे झालेत ते दिसतं. इरा महिनाभर वह्यांचे फोटो काढत होती, तेव्हा माझी समजूत, चारही तिच्या फोनमध्ये गेल्या. विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून नाही विचारलं.

वही लवकर पेटेना. पुठ्ठा नुसता धुमसत राहिला. समोरच्या आजींनी सळईने पानं उघडून दिली, तेव्हा धरली. तुमची शाई आधी तांबूस झाली, मग दिसेनाशी. त्या वेळी हात घालून ती बाहेर ओढावीशी वाटली. ओढली नाही.

इथे इरा उठून गेली होती. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ चालू होता. परत येऊन बसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढे सांग.”

म्हणून पुढे सांगते.

दोन दिवस झाले नाहीत तोच ही नाचत घरी आली. हिचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध जुन्या गोष्टीच्या पुस्तकांतल्या इंग्रजी आडनावांवर आहे. प्रोफेसर म्हणाले होते, पुण्याच्या एका प्रूफरीडरने जन्मभर पानासकट टिपून ठेवलं असेल तर प्रबंध त्यावरच उभा कर, चारही वह्या घेऊन ये. आडनावांची वही हिने मोठी म्हणून फोटोंसाठी शेवटी ठेवली होती. तिचा एकही फोटो नव्हता. मी ते ऐकलं आणि पलंगाखालच्या वह्यांच्या बॅगेकडे बघत राहिले.

त्याच आठवड्यात मानसीने जुनी मासिकं रद्दीवाल्याला दिली होती. झालं, बोट तिकडे गेलं. “आई, यू ऑल्वेज थ्रो एव्हरीथिंग, ला,” इरा इथल्या तऱ्हेने शेवटी ‘ला’ लावून म्हणाली, आणि त्यापुढे बरंच काही म्हणाली. मानसी आधी ठाम नाही म्हणत होती. दहादा ऐकल्यावर तिचाच स्वतःवरचा विश्वास गेला. ऑफिसात अर्धी रजा टाकून तिने तीन रद्दीवाल्यांना फोन लावले, एकाच्या गोदामात जाऊन गठ्ठे उपसून आली. काळे हात घेऊन माझ्यासमोर बसली.

“आई, माझ्याच हातून गेली असेल हो. बाबांच्या हातचं एवढंच होतं घरात.”

मी तिला चहा करून दिला. चहा! सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? भ्यायले. शेखर काय म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं, आता हिला दिवसा एकटी ठेवायला नको, असं काहीतरी ठरवतील. डोकं अगदी ठिकाणावर होतं, हे सांगायलाही भ्यायले, कारण ते त्याहून वाईट. आणि माझी ती भीती इतके दिवस मानसी वाहते आहे. गेले चार दिवस ती चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसातून उशिरा येते, जेवून आले म्हणते. जेवलेलं माणूस मला कळतं. ती जेवलेली नसते.

एवढं लिहून झाल्यावर इराने पेन खाली ठेवलं. ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडली.

“आजी, मी आईला काय काय बोलले माहीत आहे तुला?”

“माहीत आहे. मी इथेच होते.”

“आणि तू ऐकत बसलीस.”

“हो. ऐकत बसले.”

मग तिने विचारलं, त्या वहीतलं मला किती आठवतं. मी म्हटलं, विचारून बघ. आडनावं पडताळायला आता काही नाही, म्हणून तिने जुन्या शब्दांच्या पहिल्या वहीतलं एक पान काढलं. मी भिंतीकडे तोंड केलं. ती शब्द म्हणायची, मी अक्षरं. डोळ्यांना एकही ओळखू येत नाही, पण तोंडाने ओळीने आली, मध्ये तुमच्या खोकल्याची जागासुद्धा. बारा विचारले, नऊ बरोबर निघाले. मग आडनावं सांगायला लागले तर तिने पुन्हा पेन उचललं. पानांचे नंबर मात्र गेले. तुम्ही नंबरावर यायचात तेव्हा मी कुकर बंद करायला उठलेली असायची. ते कुणाकडेच नाहीत आता.

इरा म्हणते, प्रोफेसरांना खरं तेच सांगणार, वही जळली आणि आजीला ऐकून माहीत आहे. ते त्यांना चालेल की नाही, तिला माहीत नाही. नाही चाललं तर सगळं नव्याने करायचं, आणि तेवढे दिवस तिच्याकडे नाहीत. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. इतक्यात विचारणारही नाही.

तुम्हाला एकच विचारते. पोचली का हो वही? पोचली असेल तर वाईट वाटतंच आहे. पोचली नसेल तर कसं सोसायचं ते मला कळत नाही.

आता शब्द देते. रोज संध्याकाळी मी सांगेन आणि इरा लिहील. जे आठवेल तेवढंच सांगेन. आठवणार नाही तिथे जागा कोरी राहील, माझ्या पदरचं एक अक्षर त्यात घालणार नाही. आणि त्याआधी आजचं काम. हे पत्र मानसीच्या हातात देऊन मोकळी होणार नाही. आत्ता पाच वाजलेत. मी इराबरोबर तिच्या ऑफिसला जाते, तिला खाली बोलावते आणि तिच्या तोंडाकडे बघून सांगते. मग ती जे बोलेल ते उभ्याने ऐकून घेईन. इराला तिथे जे बोलायचं आहे ते ती बोलेल, ते मी सांगायला नको.

तुमची,
सुमती

इरा, आता पेन ठेव आणि आईसाठी डबा भर. मऊ भात, साधं वरण, तूप वेगळ्या वाटीत, लिंबाची एक फोड. पोळी देऊ नकोस, आज तिच्या घशाखाली उतरायची नाही.